डोळ्यांचा हात

भाऊ उजव्या हाताने सही करायचे आणि डाव्या हाताने डोळे काढायचे. आमच्या घरात ही गोष्ट इतकी जुनी आणि सवयीची होती, की ती बाहेरच्या कुणाला सांगावी असं कधी वाटलंच नाही. शाळेत जाण्याआधीच आजोबांनी त्यांच्यापुढे कुंचला ठेवला, तो त्यांनी आपसूक डाव्या हातात उचलला आणि तो तिथेच राहिला. पुढे शाळेत गुरुजींनी छडीच्या जोरावर पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात आणली. त्यामुळे माझे वडील अर्धे डावरे, अर्धे उजवे. जेवायचे उजव्याने, लिहायचे उजव्याने, कारागिराच्या पाठीत लाडाने धपाटा घालायचा तर डाव्याने, आणि गणपतीचे डोळे डाव्याने. सगळं पेण त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्ही घरचेही भाऊच म्हणायचो.

आमचा गणपतीचा कारखाना म्हणजे घराचाच पुढचा भाग. मागे चूल, न्हाणी, आईची पापडांची दोरी. पुढे शाडूचे ढीग, साचे आणि फळ्यांवर फळ्या. घरात पाय ठेवायला जागा नसायची, पण कुणाची तक्रार नसे. सकाळी उठल्यावर पहिला आवाज यायचा तो माती मळण्याचा, थप थप थप, आणि त्याच्या मागोमाग आईचा, "चहा निवतोय रे!" मग रंगाच्या फवाऱ्याच्या मशिनची घरघर, रेडिओ, कारागिरांची आपसातली भांडणं. दुपारी बाहेर वालाच्या बिरड्याचा वास आला की हात आपोआप धुतले जायचे. खाडीकडची एक बाई अधूनमधून जिताडा मासा घेऊन यायची आणि त्या दिवशी भाऊ जेवणाच्या आधी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून जायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे नावापुरती. माझं खरं काम मूर्तींच्या सोवळ्यांचे काठ रंगवणं आणि संध्याकाळी भाऊंचे कुंचले धुणं.

डोळे मात्र एकटे भाऊ काढायचे. त्याला आम्ही आखणी म्हणतो. बाकी सगळा गणपती दहा हातांतून जातो, पण आखणी एकाच हाताची, कारण फळीवरच्या सगळ्या मूर्तींनी एकाच घरातल्या भावंडांसारखं बघितलं पाहिजे, असं गिऱ्हाइकांचं म्हणणं. भाऊ मूर्ती मांडीसमोर घ्यायचे, श्वास धरायचे आणि एका श्वासात एक डोळा पुरा करायचे. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, आणि शेवटी पांढरा ठिपका. ठिपका पडला की इतका वेळ नुसती माती असलेलं ते तोंड एकदम आपल्याकडे बघायला लागायचं. मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी मला हसू यायचं. आजही येतं.

त्या वर्षी होळीच्या सुमारास भाऊंचे पाय सुजले. "बसून बसून सुजलेत," असं ते म्हणाले आणि आम्ही मानलं. मग तोंडाची चव गेली. जिताड्याचं कालवण पुढ्यात असून त्यांनी ताट सारलं, तेव्हा आई घाबरली. तपासण्या झाल्या आणि पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडांनी काम जवळजवळ सोडलंय. रक्तातली घाण आणि अंगातलं पाणी बाहेर टाकायचं काम आता मशिनवर करून घ्यावं लागेल. डायलिसिस हा शब्द आमच्या घरात असा आला. त्यासाठी हातावर एक छोटं ऑपरेशन. मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. धमनीतलं जोरातलं रक्त शिरेत शिरलं की दीडदोन महिन्यांत शीर फुगून जाड होते आणि मग तिच्यात मशिनच्या जाड सुया घालता येतात. तोपर्यंत गळ्याजवळ घातलेल्या नळीतून काम चालवायचं.

ऑपरेशनच्या आधी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "लिहिता कोणत्या हातानं?"

"उजव्या," भाऊ म्हणाले. आईने मान डोलावली. फॉर्म मी भरत होते. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, उजवा. ज्या हाताने मी रोज संध्याकाळी भाऊंच्या डाव्या हातातले कुंचले धुवायला घ्यायची, त्याच हाताने लिहिलं. डॉक्टर आपले बरोबरच होते. कामाचा हात मोकळा राहावा म्हणून ते दुसऱ्या हातावर ऑपरेशन करतात. त्यांनी डाव्यावर केलं.

घरी आल्यावर दोन दिवसांनी दुपारी भाऊ कारखान्यात येऊन बसले. नमुन्याची एक मूर्ती पुढे होती. त्यांनी सवयीने कुंचला उचलायला हात पुढे केला आणि त्या हाताला पट्टी होती. त्यांनी हात मागे घेतला. मग मला म्हणाले, "वैशू, हा तर डोळ्यांचा हात गो."

आई आतून धावत आली. "अवो, मग डॉक्टरला सांगायचं नाय?"

"त्यानं लिहिता कुठल्या हातानं ते विचारलं. डोळे कुठल्या हातानं काढता ते कुठं विचारलं?"

आई हसायला लागली आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. भाऊसुद्धा हसले. मी मात्र न्हाणीत जाऊन रडले. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागत होतं. रागावले असते तर मीही उलट काहीतरी बोलून मोकळी झाले असते.

डॉक्टरांनी हात सांभाळायचे नियम सांगितले होते. या हाताने जड उचलायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, या हातावर झोपायचं नाही, या हातात रक्तदाब मोजू द्यायचा नाही. आमचा धंदा असा, की साच्यातून काढलेली ओली मूर्ती सुकेपर्यंत तिला बोट लावायचं नाही, हे आम्ही चालायच्या आधी शिकलेलो. त्यामुळे चार नियमांचे आम्ही चाळीस केले. आईने जुन्या मऊ धोतराचा पट्टा शिवला आणि भाऊंचा हात त्यात ठेवला. या हाताने भाऊंनी भाकरी मोडायची नाही, बटण लावायचं नाही, कुणाला नमस्कार करायचा तर एकाच हाताने. कारागीर गमतीने म्हणायचे, भाऊंचा हात फळीवर सुकत ठेवलाय.

आता पेणमध्येच डायलिसिस होतं. त्या वर्षी मात्र आम्हाला जागा मिळाली ती रोह्याच्या एका लहान इस्पितळात. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी पेणहून रेल्वेगाडी, कासू, नागोठणे आणि रोहा. बरोबर मी, कारण आईशिवाय कारखान्यातलं पान हलत नसे. पहिल्या दिवशी भाऊ गाडीत खिडकीजवळ बसले. खिडकीबाहेर खारजमिनी सरकत होत्या आणि ते मधूनच पट्ट्यातल्या हाताकडे बघत होते.

इस्पितळात दोनच मशिनं. एकावर भाऊ, शेजारच्यावर गागोदे बुद्रुकचे तात्या. तात्या शेतकरी, सत्तरीचे, आणि आमच्या आधी वर्षभर तिथे येत असल्यामुळे स्वतःला त्या खोलीचे पाटील समजायचे. मशीन चालवायला होती रंजना. कोलाडची, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी. भाऊंनी तिला पहिला प्रश्न विचारला तो मशिनबद्दल. कारागीर माणूस, यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याच्यापुढे झोपणार कसा? रंजनाने काकडीएवढी एक पारदर्शक नळी त्यांच्या उजव्या हातात दिली.

"यात केसासारख्या बारीक हजारो नळ्या हायत, काका. तुमचं रक्त त्यांच्या आतून जाणार. बाहेरून हे मशीनचं पाणी उलट्या बाजूनं वाहणार. नळ्यांच्या भिंतीला भोकं हायत, डोळ्यांना दिसायची नायत एवढी बारीक. त्यातनं घाण आणि जास्तीचं पाणी पलीकडं जातं. रक्त अलीकडं राहतं आणि साफ होऊन परत तुमच्या अंगात."

भाऊंनी नळी उजेडाकडे धरून फिरवली. "आमी शाडूचा गाळ कपड्यातनं गाळतो, त्यातलाच प्रकार."

"व्हय. फक्त तुमचं एकदा गाळलं की झालं. इथं परवा परत."

"म्हणजे मूत्रपिंड बरं व्हणार नाय?"

"मशीन त्याला बरं नाय करत. त्याचं काम करतं. चार तास, आठवड्यातनं तीनदा."

"बदली कामगार," भाऊ म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

पहिले दोनतीन आठवडे ते घरी येऊन नुसते आडवे व्हायचे. मग एका शनिवारी परतीच्या गाडीत नागोठण्याच्या पुढे ते एकदम म्हणाले, "घरी काय केलंय गो आज?" मला कळेना हे कशाबद्दल. मग कळलं, भूक लागलीय! मी घरी पोचेपर्यंत धीर धरला नाही, स्टेशनवर उतरताच समोर आलेल्या ओळखीच्या बाईला सांगून टाकलं, भाऊंना भूक लागली. तिने मला वेड लागलं असावं असा चेहरा केला. अंगाची खाज गेली, पायांची सूज उतरली, उताणं झोपलं की दम लागायचा तो थांबला. रक्त साफ झालं की माणूस आतून कसा उजळतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

खाण्यापिण्याचं तंत्र मात्र बदललं. पाणी मापाने. मीठ चिमटीने. भाजी आधी भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग फोडणीला टाकायची. शहाळं बंद, आणि कोकणात राहून शहाळं बंद म्हणजे काय ते कोकणातल्यालाच विचारावं. पण आई हरणारी बाई नव्हती. मिठाची उणीव तिने लिंबू, लसूण आणि बोलण्याने भरून काढली. "खावा, खावा, राजवाड्यात पण असंच आळणी शिजतं," म्हणून ठोकून द्यायची. ती कुठल्या राजवाड्यात जेवली होती, देव जाणे.

खोलीतली खरी मजा वजनकाट्यावर. मशिनवर बसण्याआधी वजन करायचं. दोन दिवसांत जेवढं वाढलं तेवढं पाणी अंगात साठलं, असा हिशेब. तात्या वजनाला उभे राहताना चपला काढायचे, टोपी काढायचे, सदरा काढायचे, एकदा तर कवळी काढून माझ्या हातात दिली. तरी काटा सरकलेलाच. "तात्या, किती ग्लास?" रंजना कमरेवर हात ठेवून विचारायची. "दोनच गो बाय, पण ग्लास जरा उभट हाय." आंब्याच्या दिवसांत तर कहर. आंबा यांना वर्ज्य, पण मशीन सुरू झाल्याबरोबर एक लहान फोड खायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती, कारण पुढचे चार तास मशीन तिचा बंदोबस्त करणार. तात्या गागोद्याहून आंबा आणायचे. रंजना सुरीने दोन फोडी करायची, अगदी सारख्या, आणि दोन म्हातारी माणसं डोळे मिटून ती फोड एवढा वेळ चघळायची की मला हसू आवरायचं नाही. आजही मी आंबा खाताना घाई करत नाही.

या सगळ्या आनंदात एक गोष्ट तशीच अडकून होती. फळ्या भरत चालल्या होत्या. मूर्ती घासून झाल्या, अंगाचा रंग झाला, सोवळी झाली आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची तर वेळ येऊन ठेपली होती. भाऊंनी एकदा उजव्या हाताने प्रयत्न केला. आम्ही सगळे भोवती उभे. श्वास धरून त्यांनी दोन्ही डोळे काढले, ठिपके दिले आणि मागे सरले. गणपती एका डोळ्याने आईकडे आणि दुसऱ्या डोळ्याने पापडांकडे बघत होता.

"पुसा! आधी पुसा!" आई ओरडली. "बघवत नाय तो!"

सगळा कारखाना हसला, भाऊ सगळ्यांत जास्त. पण ओल्या फडक्याने ते डोळे पुसताना त्यांचा हात फार सावकाश फिरत होता. मग मी हट्ट धरला, मी शिकते. चार तास मशिनशेजारी बसून वहीभर डोळे काढायचे आणि भाऊ पडल्या पडल्या दुरुस्त करायचे. "ही म्हैस बघतेय." "हा झोपलाय." "हा कोणावर तरी चिडलाय." तात्या शेजारून भर घालायचे, "ह्यो आमच्या जावयासारखा हाय." वही भरली, दुसरी भरली. भाऊ एकदा गंभीर होऊन म्हणाले, "येईल तुला. दोनतीन वर्षांत नक्की येईल." दोनतीन वर्षं! गणपती भाद्रपदात येणार होते.

मेच्या शेवटच्या शनिवारी जाताना गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "वैशू, उद्या सकाळी वरच्या आळीतल्या कारखान्यात जाऊन येऊ. आखणी त्यांना दिऊन टाकू." त्यांचं बोलणं अगदी साधं होतं, दूध संपलंय सांगावं तसं. मी खिडकीकडे तोंड केलं. आजोबांपासून आमच्या फळीवरचा एकही गणपती दुसऱ्याच्या डोळ्यांनी बाहेर पडला नव्हता. आणि तो पडणार होता माझ्या एका शब्दामुळे.

त्या दिवशी रंजनाने भाऊंचा पट्टा सोडला आणि हातावरची शीर चाचपली. जोडलेल्या शिरेत लागते ती रक्ताची थरथर होती, ती रोज हात लावून आईही बघायची. पण रंजनाच्या कपाळाला आठी पडली. "दोन महिने झाले. शीर अजून पाहिजे तशी भरली नाय. चेंडू दाबता ना रोज?"

"कसला चेंडू?" मी विचारलं.

"रबराचा, नायतर कसलाही! मूठ वळायची, सोडायची, वळायची, सोडायची. त्याशिवाय शीर वाढणार कशी? काका, या हातानं दिवसभर करता काय तुम्ही?"

"काय नाय," भाऊ म्हणाले. "जपतो."

"आणि हा पट्टा?"

"बायकोनं शिवला."

रंजनाने कपाळाला हात लावला. "अवो, जड उचलू नका सांगितलंय, हात म्हातारा करा नाय सांगितलं! भाकरी मोडा, बटणं लावा, जेवढं हलकं काम असेल तेवढं करा. नाय केलं तर बोटं आखडतील, शीर बसेल, आणि मग परत ऑपरेशन. कसला धंदा तुमचा?"

भाऊंनी पट्ट्याची घडी घालायला घेतली. शेवटी मीच बोलले. सगळं एका दमात. गुरुजींची छडी, कुंचला, फॉर्म, माझं वळणदार अक्षर, कोऱ्या मूर्ती, उद्या सकाळची वरची आळी. रंजनाने मला मधे थांबवलं नाही. मग भाऊंकडे वळून विचारलं, "कुंचल्याला वजन किती असतं हो, काका?"

"नसल्यासारखंच."

"मग कोण नाय म्हणतंय?"

"पण ही थरथर? रेघ हलेल ना."

"थरथर शिरेत असते. बोटात नसते. सुया घालायला लागलो की मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी हा हात माझा. बाकीचे चार दिवस तुमचा. डॉक्टरांना मी आत्ताच विचारते, म्हणजे तुमच्या मनात शंका नको." ती गेली, पाच मिनिटांत आली आणि दारातूनच म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, अजून सुरू का नाय केलं?"

रविवारी आम्ही वरच्या आळीला गेलो नाही. आईने तो पट्टा उसवून त्याची चहाच्या भांड्याची फडकी केली. भाऊंनी शाडूचा लिंबाएवढा गोळा घेतला आणि तो दाबत घरभर फिरू लागले. पहिल्या दिवशी बोटं पुरती मिटतही नव्हती. बटण लावायला पाव तास लागला आणि आम्ही कोणी मदत करायची नाही अशी आईची ताकीद. पंधरवडा असा गेला. मी रोज त्यांच्या बोटांकडे चोरून बघायची आणि ते मला बघताना पकडायचे.

मग एका बुधवारी सकाळी, चहा झाल्यावर, ते कारखान्यात येऊन आपल्या जागेवर बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण मळणारे हात थांबले, रेडिओ कुणीतरी बंद केला. मी फळीवरून एक मूर्ती उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कुंचला डाव्या हातात घेतला. मनगटावरची शीर दोरीसारखी वर आली होती आणि ती आतून उडताना मला दिसत होती. माझी खात्री होती की रेघ हलणार. मनातल्या मनात मी सगळ्या देवांना सोडून त्या समोरच्यालाच विनवत होते, तुझं तूच बघ बाबा. भाऊंनी श्वास धरला. वरची पापणी. खालची पापणी. बुबुळ. मधेच कुंचला थबकला, त्यांनी बोटं एकदा सोडून पुन्हा धरली, आणि ठिपका दिला. मग दुसरा डोळा.

ते मागे सरले. गणपती सरळ, शांत, आमच्या घरातल्या सगळ्या गणपतींसारखा माझ्याकडे बघत होता. आईने तोंडावर पदर घेतला. अडीच महिने छातीवर असलेलं ओझं उतरलं आणि मी तिथेच फतकल मारून रडायला लागले, हसतही होते. मला वाटलं, भाऊ आता काहीतरी मोठं बोलतील, मला जवळ घेतील, निदान नाव घेऊन हाक मारतील. त्यांनी कुंचला रंगात बुडवला, वाटीच्या काठाला निपटला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "रडतेस काय गो? पुढचा आण."

मी आणला. दुपारच्या जेवणापर्यंत एकवीस आणले.